गवत नसलेलं मैदान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या मामांचं नाव घेईन. नाव म्हणजे मामाच. शाळेतल्या शिपायाला मामा म्हणायची आमच्याकडे रीत आहे, आणि ती इतकी पक्की की त्यांचं खरं नाव मला कळलं ते त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी, फळ्यावर.

नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शाळेला सात संगणक मिळाले होते. कंत्राटावरचे शिक्षक दोन वर्षांत निघून गेले आणि खोलीची किल्ली मामांकडे राहिली. आधी ते फक्त झाडून घ्यायचे. पुढे गावातले लोक लग्नपत्रिका छापायला पेन ड्राइव्ह घेऊन तिथं येऊ लागले, त्यातून व्हायरस आले आणि एकेका संगणकातलं विंडोज बंद पडत गेलं. जिल्ह्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जायला एकही शिक्षक तयार नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनी मामांना पाठवलं. मामा एक सीडी घेऊन परत आले आणि पंधरवड्यात सातही संगणकांवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स चालू झालं.

मामा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, अर्थ लागायचा नाही. त्यांनी आपली एक पद्धत बसवली होती. संगणकानं पडद्यावर काही तक्रार दाखवली की ती जशीच्या तशी, टिंब-स्वल्पविरामासकट, शंभर पानी वहीत उतरवायची. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर उपाय. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन ते व्हरांड्यात उभे राहायचे आणि मी दिसलो की हाक मारायचे.

"ए, इकडं ये. हे काय म्हणतंय बघ बरं."

मी आठवीत होतो. मलाही कळायचं नाही. ग्रंथालयातला शब्दकोश काढून मी एकेक शब्द जुळवायचो, आणि मामा शेजारी उभे राहून म्हणायचे, "चालत नाय असं म्हणायचं नाय. ते काय म्हणतंय ते आधी लिहून घ्यायचं. मशीन मुकं नसतंय." माझं इंग्रजी त्या वहीतून आलं. घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. इंजिनीअरिंगचा फॉर्म भरायला माझ्याबरोबर मामा आले होते, कारण वडिलांना कॉलेजच्या खिडकीशी बोलायची भीती वाटत होती.

मामा निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि ऑफिसातला एक जुना लॅपटॉप दिला. क्लार्कनं तो संथ चालतो म्हणून बाजूला ठेवलेला होता. मामांनी त्यावर लिनक्स टाकलं, दोन दिवस वापरून पाहिला आणि मी हॉस्टेलला निघालो त्या दिवशी पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"मामा, तुम्हाला मिळालाय तो."

"मी काय करू? घरी ठेवला तर मामी त्याच्यावर पापड वाळवील. ने तू."

त्याच लॅपटॉपवर मी पदवी घेतली. आणि त्याच लॅपटॉपवर, पदवीनंतर दोन वर्षांनी, मी एका खेळात चौथी जागा टिकवायचा प्रयत्न केला. त्याचीच ही हकिकत आहे.

हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघं होतो. चार वर्षं एकत्र जेवलो, एकमेकांचे शर्ट घातले. पास झाल्यावर तिघं हिंजवडीकडे आयटीत गेले. मला चाकणला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीच्या विभागात काम मिळालं. जवळच चिखलीत खोली घेतली. अंतर म्हणाल तर फार नाही. पण त्यांची सुट्टी शनिवार-रविवारची आणि आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. सगळं जग रविवारी मोकळं असताना आम्ही कंपनीच्या बसमध्ये असतो, आणि गुरुवारी आम्ही मोकळे असतो तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं.

गुरुवारी आणखी एक व्हायचं. कारखाने बंद, म्हणून वीज मंडळ दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढायचं. सकाळी दहाच्या सुमाराला दिवे जायचे ते कधी दोनला यायचे, कधी चारला.

खोलीत आम्ही तिघं, तिघांच्या कंपन्या वेगळ्या आणि शिफ्टही वेगळ्या. एकाला मी पहिले चार महिने फक्त झोपलेला पाहिला होता. तो घरी आहे की नाही हे दाराबाहेरच्या चपलेवरून कळायचं. दुसरा लातूरचा, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपवर ऑपरेटर. तो बोलका होता, पण गुरुवारीही ओव्हरटाइमला जायचा, म्हणून माझी सुट्टी त्याच्या जागं असण्याशी महिन्यातून एकदा जुळायची.

अशात एका रविवारी आमच्या चौघांच्या ग्रुपवर संदेश आला. आमच्यातला एक हॉस्टेलच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन होता, अजून त्याला आम्ही कॅप्टनच म्हणतो. त्यानं लिहिलं होतं, 'दर रविवारी सहा वाजता. चौघांची टीम लागते. आपण चौघं आहोत. कोणी नाटकं करायची नाहीत.' खाली एका ऑनलाइन खेळाची लिंक होती. चार जणांच्या तुकड्या एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जी तुकडी टिकते ती जिंकते. खेळ फक्त विंडोजवर चालणारा.

मी लगेच लिहिलं, 'आलो.' दुसऱ्या शिफ्टचा आठवडा सोडला तर रविवारी सहाला मी खोलीवर असायचो. खेळात मला फारशी गोडी होती असं नाही. चौथी जागा माझी होती, आणि ती आपोआप माझी मानणारे तीनच लोक मला त्या वेळी माहीत होते.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा तर मधे एक दुभाषा बसवावा लागतो. प्रोग्राम विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषा ते लिनक्सला समजावतो आणि उत्तर उलट सांगतो. दुभाषा फुकट मिळतो, चांगला असतो, पण माझ्या लॅपटॉपला एवढं बोलणं पेलायला हवं ना. चार जीबी रॅम, दोन कोरचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पहिल्या गुरुवारी खेळ उतरवून घेण्यातच दिवस गेला. दुसऱ्या गुरुवारी तो सुरू केला तर काळा पडदा आला आणि एक ओळ. मी खाली दुकानात जाऊन शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर ती ओळ उतरवली.

पुढचे पाच-सहा गुरुवार असेच गेले. दहा वाजता दिवे जायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं, कारण लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं टिकायची. दिवे गेले की वहीत उतरवलेल्या ओळींचा अर्थ मोबाइलवर शोधायचा. परदेशातल्या अनोळखी लोकांनी कुठं कुठं लिहून ठेवलेलं असायचं: ही सेटिंग बदला, ती ओळ घाला. माझी ग्राफिक्सची चिप इतकी जुनी होती की चित्र काढायची नवी पद्धत तिला येतच नव्हती. तिला जुन्या पद्धतीनं काढायला सांगावं लागलं. रॅम पुरत नव्हती म्हणून हार्ड डिस्कचा एक तुकडा रॅमच्या मदतीला दिला. मग पडद्यावरच्या खेळाच्या चित्राचा आकार लहान केला, सावल्या बंद केल्या, पाण्याची चमक बंद केली, धूर बंद केला. शेवटी गवतही बंद केलं.

लातूरवाला एका गुरुवारी जागा होता. खाटेवर पाय सोडून बराच वेळ बघत बसला.

"काय करायलास सकाळपासून?"

"गेम चालू होतोय."

"चालू होतोय का होणार हाय?" तो टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "तुझा गेम चालू व्हायला जेवढा टाइम लागायलाय तेवढ्यात माझा ओव्हरटाइम होऊन येतोय बघ."

पण झाला चालू. दिवे आल्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला. बेट दिसलं. माणूस चालला तर चालताना अडखळत होता, लहानपणी वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फरफर उलटायचो तसा. पण चालला. मी उजव्या पानावर उपाय लिहिला आणि वही मिटली. लातूरवाला तोवर ओव्हरटाइमला गेला होता. दाखवायला खोलीत जागं कोणी नव्हतं, म्हणून मी झोपलेल्याच्या चपला नीट लावल्या आणि चहा प्यायला खाली गेलो.

माझा पहिला रविवार यायला असे दोन महिने लागले. खेळ लॅपटॉपवर, बोलणं मोबाइलवर. तिघांचे आवाज एकदम कानात आले.

"आला का रे चाकणकर?"

"आलोय."

"कुठं आलायस? आम्ही उतरून पाच मिनिटं झाली. तू बसनं येतोयस का राव?"

खरंच मी उशिरा उतरलो होतो. माझ्या लॅपटॉपला बेट उभं करायला वेळ लागायचा. बंदूक उचलायच्या आत मी मेलो. दुसऱ्या डावातही तेच. पण तिघं हसत होते आणि त्यांच्या हसण्यात मीही होतो, आणि हसता हसता मला जाणवलं की आठवडाभरात मी कोणाशी एवढं बोललो नव्हतो.

तिसऱ्या डावात गंमत झाली. कॅप्टन म्हणाला, "मी लपलोय, कोणी हलू नका." मला तो समोर उघड्या मातीवर पालथा पडलेला दिसत होता. आणि त्याच्या पलीकडे, वीस पावलांवर, तसेच पालथे पडलेले आणखी दोघं.

"कॅप्टन, तुझ्या डाव्या हाताला दोघं आहेत."

"कुठं? काही नाही तिथं."

"आहेत. आडवे पडलेत."

त्यानं गोळ्या झाडल्या आणि दोघंही गेले. मग तिघं एकदम ओरडले.

"अरे, तुला दिसलं कसं? कमरेएवढं गवत आहे तिथं!"

"माझ्याकडे गवत नाही," मी म्हणालो.

हे त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. ते तिघं हिरव्यागार बेटावर होते. वारा आला की त्यांच्याकडे गवत हलायचं, असं ते म्हणायचे. मी त्याच बेटावर, पण साफ मैदानात. ज्याला त्याला वाटायचं आपण लपलोय, आणि माझ्या समोर सगळे उघडे पडलेले असायचे. त्या दिवसापासून मला काम मिळालं. पाण्याच्या टाकीवर चढायचं आणि बघायचं. "चाकणकर, वर जा," असं कॅप्टन म्हणाला की मी वर जायचो. धावता येत नव्हतं, नेम लागत नव्हता, पण माझ्याशिवाय त्यांचं अडायचं. दोन वेळा आम्ही शेवटपर्यंत टिकलो. कंपनीत गेजनं भाग मोजता मोजता मला ती टाकी आठवायची.

हे साधारण तीन महिने चाललं.

एका रविवारी खेळ सुरू करताना पडद्यावर एक चौकट आली. लांब मजकूर होता. सहा वाजून गेले होते, मोबाइलवर तिघं हाका मारत होते, "चढ लवकर, बस सुटली." मी मजकूर न वाचता खालचं बटण दाबलं. वहीत उतरवला नाही. आठवीपासून मी कधी असं केलं नव्हतं.

पुढचा आठवडा दुसऱ्या शिफ्टचा होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी बसलो. उतरलो, टाकीवर चढलो. कॅप्टन विचारत होता, "कोणी दिसतंय का?" आणि मी "उजवीकडे…" म्हणेपर्यंत खेळ बंद झाला. पडद्यावर दोन ओळी. 'तुमच्या संगणकावर परवानगी नसलेलं सॉफ्टवेअर सापडलं आहे. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.'

"उजवीकडे काय? अरे, बोल ना!"

मी पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचत होतो. खेळात ते तिघं दोन मिनिटांत मारले गेले. मग मी ओळी वाचून दाखवल्या.

"हे तर चिटिंग करणाऱ्यांना येतं," एक जण म्हणाला.

मग कॅप्टन, हसतच, पण आवाज खाली घेऊन म्हणाला, "भावा, खरं सांग हां. ते गवत-बिवत… काही टाकलं होतंस का?"

"नाही रे. लिनक्स आहे माझं. मधे एक दुभाषा लागतो, तो सापडला असेल त्यांना."

"म्हणजे बाहेरचं काहीतरी होतंच ना."

त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. लगेच म्हणाला, "जाऊ दे रे. विंडोज टाक, नवं खातं काढ. अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचं काम नव्हतं. त्या लॅपटॉपवर नवीन विंडोज नुसतं उभं राहायला दमलं असतं, खेळ लांबच. नवा लॅपटॉप त्या वर्षी शक्य नव्हता. तरी पुढच्या गुरुवारी मी पेन ड्राइव्हमध्ये विंडोज घेऊन बसलो होतो. मामांनी टाकलेलं पुसायचं आणि हे टाकायचं. बोट बटणावर असताना दिवे गेले आणि अकरा मिनिटांनी पडदाही गेला. वीज मंडळानं माझ्यासाठी निर्णय घेतला असं मी म्हणणार नाही. दुपारी दिवे आले होते, आणि मीच पेन ड्राइव्ह काढून ठेवला.

त्याऐवजी ती पहिली चौकट शोधली. खेळाच्या संकेतस्थळावर तोच मजकूर होता. अमुक तारखेपासून फसवणूक पकडणारा नवा पहारेकरी प्रोग्राम बसवत आहोत, लिनक्सवरून खेळणाऱ्यांनी त्याआधी खेळणं थांबवावं, नाहीतर खातं बंद होईल. सरळ, साध्या इंग्रजीत. मशीननं आधीच सांगितलं होतं. वाचलं असतं तर खेळ तरीही थांबला असता, पण मी तिघांना माझ्या तोंडानं सांगून थांबलो असतो. टाकीवरून चोर म्हणून उतरवला गेलो नसतो.

रविवारी ग्रुपवर कॅप्टनचा संदेश आला. 'आमच्या ऑफिसातला एक जण घेतोय तोपर्यंत. तू आलास की बघू.' खाली अंगठा दाखवणारं चित्र. तुकडी चौघांचीच असते, हे त्यालाही माहीत होतं. मीही अंगठा पाठवला. सहा वाजता मी खोलीवर होतो. फोन वाजला नाही. झोपलेल्याच्या चपला दाराशी होत्या.

मी वही उघडून डाव्या पानावर त्या दोन ओळी उतरवल्या, टिंबासकट. उजव्या पानावर लिहायला काही नव्हतं. तक्रारीसमोरचं उजवं पान कोरं राहिलं ते त्या वहीत तेवढं एकच. मग मी मागची पानं काढून पत्र लिहायला बसलो. मामांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही. "हां, हां" म्हणतात आणि मामींकडे देतात. दिवाळीला मी त्यांना चार ओळी पाठवतो. या वेळी दिवाळी नव्हती.

*

मामा,

नमस्कार. मामींनाही सांगा. पत्र बघून घाबरू नका, मी बरा आहे, नोकरीही ठीक आहे.

दिवाळीच्या पत्रात मी लिहिलं होतं की इकडे पुष्कळ मित्र झालेत, सुट्टीला आम्ही फिरायला जातो. ते खरं नव्हतं. सुट्टी गुरुवारी असते, गुरुवारी इकडे दिवे नसतात, आणि मी खोलीवर एकटा असतो. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून तसं लिहिलं होतं. तुमच्याशी खोटं बोललो, ते मनाला लागून राहिलं होतं.

तुमचा लॅपटॉप अजून चालतोय. त्याच्यावर मी एक विंडोजचा खेळ चालवून दाखवला, तीन महिने. हॉस्टेलचे मित्र होते बरोबर. कसा चालवला ते सगळं तुमच्या पद्धतीनं वहीत आहे, डावीकडे तक्रार, उजवीकडे उपाय, एकूण एकोणतीस पानं. तुम्हाला दाखवायचंय. आता खेळ बंद झाला आहे. खेळाच्या कंपनीनं मला खेळातून बाहेर काढलं, फसवणारा समजून. मी फसवलं नव्हतं. हे मित्रांना नीट सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. त्यांनी आधी सूचना दिली होती आणि मी ती न वाचता बटण दाबलं, एवढी चूक माझी आहे. तुम्ही असता तर कान धरला असता.

दोन ओळी सोबत उतरवून पाठवतोय. याला उपाय नाही, मी सगळीकडे शोधलं. तरी तुम्ही एकदा बघा.

पुढच्या बुधवारी माझी पहिली शिफ्ट आहे. ती संपवून संध्याकाळी वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी धरतो. शुक्रवारी दुसरी शिफ्ट, म्हणजे शुक्रवारी सकाळी निघालो तरी चालेल. गुरुवारचा अख्खा दिवस आहे. मामींना म्हणावं वेगळं काही करू नका, तुमच्याबरोबर भाकरी खाईन.

लॅपटॉप आणतोय. पंखा फार आवाज करतो, आत धूळ बसली आहे. मी फडक्यानं पुसायला गेलो तर नीट निघाली नाही. तुम्ही चित्रकलेच्या तासाचा मऊ ब्रश वापरायचात, तो असेल तर काढून ठेवा. बारका स्क्रू ड्रायव्हर मी घेऊन येतो.